चित्र नाही, आवाजही नाही : बंद टी.व्ही.चा दोष कसा शोधावा?

टी.व्ही. दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार बहुधा एका वाक्याची असते. "चित्र पण नाही आणि आवाज पण नाही." एवढे सांगून गिऱ्हाईक मोकळे होते. पुढचे सारे काम कारागिराचे. या एका वाक्यामागे दहा निरनिराळे दोष असू शकतात. काही दोष फुकटात दुरुस्त होतात, काहींना शेकड्यात खर्च येतो, आणि काहींत सेट भंगारात द्यावा लागतो. यांतला नेमका कोणता, हे न ओळखता जो कारागीर थेट स्क्रू काढायला बसतो, तो आपला वेळ आणि गिऱ्हाइकाचा पैसा दोन्ही घालवतो.

आम्ही हे लिहीत आहोत ते खराडीतील अनुभवावरून. १९९७ साली खराडी पुणे महापालिकेत आली. त्यानंतर नगर रस्त्याच्या या बाजूला संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. इऑन आय.टी. पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर आता इथलेच. नोकरीनिमित्त आलेली हजारो माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि बदली झाली की सामान काढून टाकतात. त्यामुळे चालू-बंद टी.व्ही. सतत बाजारात येतात. आमचे काही भाऊ ते दुरुस्त करतात, काही जण जुना माल म्हणून घेतात आणि विकतात. दोघांनाही बंद सेटची परीक्षा करता आली पाहिजे. एकाची मजुरी तिच्यावर अवलंबून आहे, दुसऱ्याचे भांडवल.

आधी सेट बिघडला आहे का, ते पाहा

पहिली गोष्ट म्हणजे चित्र-आवाज नसणे आणि सेट बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ साली सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. तेव्हापासून कित्येक वर्षे गच्चीवरचा अँटेना हाच टी.व्ही.चा आधार होता. पुढे केबल आली. ३१ मार्च २०१३ ही पुण्यासह ३८ शहरांत केबल डिजिटल करण्याची मुदत होती. तेव्हापासून सेट टॉप बॉक्स आवश्यक झाला. दूरदर्शननेही आपले बहुतेक जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. म्हणजे आज एखाद्याने माळ्यावरचा जुना सेट काढून गच्चीवरच्या अँटेनाला जोडला आणि त्याला नुसत्या मुंग्या दिसल्या, तर सेटमध्ये काहीच बिघडलेले नाही. त्याला मिळणारा सिग्नलच उरलेला नाही.

नव्या सेटचेही तसेच आहे. पडदा उजळतो, त्यावर "नो सिग्नल" लिहून येते, चित्र नाही, आवाज नाही. अशा वेळी सेटला हात लावण्याआधी रिमोटवरील मेनूचे बटण दाबावे. मेनू स्वच्छ दिसला तर वीजपुरवठा, मेन बोर्ड, पॅनेल आणि मागचा प्रकाश या चारही गोष्टी शाबूत आहेत, असे समजण्यास हरकत नाही. दोष बाहेर आहे. सोर्सचे बटण दाबून बॉक्सची वायर ज्या जागी लावली आहे तीच जागा निवडली आहे का, ते पाहावे. बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर मीटरवर तपासावा. बहुतेक अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचे असतात, परंतु त्यावर छापलेला आकडाच प्रमाण मानावा. एचडीएमआय केबल बदलून पाहावी, रिचार्ज संपला आहे का ते विचारावे. शेवटी एखादा पेनड्राइव्ह लावून गाणे किंवा चित्रफीत चालवावी. ती चालली तर सेट निर्दोष आहे.

आमच्याच हातून एकदा अशी चूक झाली. एका विद्यार्थ्याच्या खोलीवर गेलो. तो म्हणाला, कालपासून काही दिसत नाही, ऐकूही येत नाही. आम्ही मागचे झाकण काढले, पॉवर सप्लायचे दोन कंडेन्सर संशयावरून बदलले आणि तासभर घालवला. मग लक्षात आले की खोली झाडताना कोणीतरी बॉक्सची केबल दुसऱ्या खोबणीत घातली होती. त्या दिवशी आम्ही मजुरी घेतली नाही, आणि तेव्हापासून रिमोट हातात घेतल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही.

गिऱ्हाइकाला काय विचारावे?

हकीम नाडी धरण्यापूर्वी विचारपूस करतो, तसेच हे आहे. सेट एकाएकी बंद पडला की हळूहळू? आधी आवाज गेला की चित्र? त्या वेळी वीज गेली-आली होती काय? विजा कडाडत होत्या काय? शेजाऱ्यांच्याही वस्तू बंद पडल्या काय? सेट याआधी कोणी उघडला आहे काय?

शेजाऱ्यांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे वस्तीला तीन फेजची वीज येते आणि घरोघरी एक फेज व न्यूट्रल जातो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. वाटेत कुठे न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर काही घरांत दाब घसरतो आणि काही घरांत तो ४०० च्या दिशेने चढतो. अशा वेळी एकाच चाळीतील चार टी.व्ही. एकदम दुकानात येतात. सेट दुरुस्त करून त्याच घरात लावला आणि न्यूट्रल तसाच राहिला, तर तो संध्याकाळी पुन्हा परत येतो. म्हणून पुन्हा जोडण्यापूर्वी घरच्या सॉकेटवर मीटर लावून दाब पाहावा. वळवाच्या पावसात विजांमुळे आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ओल, मुंग्या व पालींमुळे सेट बिघडतात, हेही ध्यानात ठेवावे.

दोन्ही गेले, म्हणजे सामाईक काय?

आता खऱ्या दोषाकडे वळू. चित्राचा मार्ग वेगळा, आवाजाचा मार्ग वेगळा. दोन वेगळ्या मार्गांत एकाच क्षणी दोन वेगळे दोष उपजणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. म्हणून दोन्ही एकदम गेले की दोन्ही मार्गांना जे सामाईक आहे तिथे आधी पाहावे. सामाईक गोष्टी तीन आहेत : वीजपुरवठा, मेन बोर्ड आणि येणारा सिग्नल. नुसते चित्र गेले आणि आवाज राहिला तर मागचा प्रकाश, टीकॉन किंवा पॅनेल. नुसता आवाज गेला तर स्पीकर, ऑडिओ आय.सी. किंवा म्यूटचे बटण.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये हा नियम आणखी एका कारणाने खरा ठरे. त्या सेटमध्ये ट्यूबला लागणारा उच्च दाब एल.ओ.टी. तयार करी. रंगीत सेटमध्ये तो वीस हजार व्होल्टच्या पुढे असे. पुष्कळ सेटमध्ये त्याच एल.ओ.टी.च्या जादा वळ्यांतून इतर भागांना वीज मिळे. त्यामुळे हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की चित्र आणि आवाज एकाच वेळी बंद पडत. असे सेट अजूनही कोठे कोठे दिसतात. चितेगावच्या कारखान्यात बनलेले व्हिडिओकॉनचे सेट मराठवाड्यापासून पुण्यापर्यंत घरोघरी होते. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली, सेट मात्र काही घरांत राहिले. असा सेट उघडणाऱ्याने पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडपासून दूर राहावे. सेट बंद केल्यानंतरही ट्यूबमध्ये विजेचा साठा राहतो.

लाल दिवा काय सांगतो?

एल.ई.डी. सेटच्या खालच्या कडेला एक बारीक दिवा असतो. तो पाहून दोषाची अर्धी जागा कळते.

एक : दिवा मुळीच लागत नाही. सॉकेट, स्विच, वायर आणि सेटचे मुख्य बटण पाहावे. ही ठीक असतील तर दोष बहुधा पॉवर सप्लायमध्ये असतो.

दोन : दिवा लागतो, पण रिमोटने सेट सुरू होत नाही. आधी रिमोट तपासावा. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबल्यास बऱ्याच मोबाईलवर त्याचा दिवा लुकलुकताना दिसतो. मग सेटवरील बटणाने सुरू करून पाहावे. तरीही काही झाले नाही तर मेन बोर्डकडे लक्ष द्यावे.

तीन : सेट सुरू होतो, दोन-चार सेकंदांत बंद पडतो, किंवा दिवा ठराविक वेळा लुकलुकतो. सेट स्वतःचे रक्षण करीत आहे. कोठे तरी शॉर्ट आहे किंवा मागच्या प्रकाशाची पट्टी गेली आहे. पुष्कळ सेट पट्टीतला एक एल.ई.डी. जरी तुटला तरी सगळा सेट बंद करतात. म्हणून दोष प्रकाशाचा असूनही चित्र व आवाज दोन्ही गेलेले दिसतात.

चार : दिवा बदलतो, सेट सुरू झाल्यासारखा वाटतो, पण पडदा काळाच. अंधार करून पडद्याजवळ तिरपी बॅटरी धरावी. अंधुक चित्र दिसले तर पॅनेल जिवंत आहे आणि फक्त मागचा प्रकाश गेला आहे. आवाज आधीच कमी केलेला असल्यामुळे गिऱ्हाइकाला दोन्ही गेल्यासारखे वाटते, असेही घडते.

ही बॅटरीची परीक्षा प्रत्येक व्यापाऱ्याने शिकून घ्यावी. चंदननगरच्या एका शिंपी बंधूला एका दुकानात सांगण्यात आले होते की पॅनेल गेले, नवा सेट घ्या. त्याने तो सेट भंगारच्या भावाने द्यायची तयारी केली होती. बॅटरी लावताच चित्र दिसले. पट्ट्या बदलल्या आणि सेट सुरू झाला. पॅनेल हा सेटचा सर्वांत महाग भाग. ते गेले की दुरुस्तीचा खर्च नव्या सेटच्या जवळ जातो. म्हणून "पॅनेल गेले" हे शब्द तोंडातून काढण्यापूर्वी दोनदा तपासावे. त्या एका वाक्याने गरिबाचे काही हजार रुपये जातात.

उघडण्यापूर्वी जिवाची काळजी

पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टची वीज सरळ होऊन मोठ्या कंडेन्सरमध्ये साठते. तिथे सुमारे ३२५ व्होल्ट असतात. मोठ्या सेटमध्ये सुधारित पुरवठा असतो, तिथे सेट चालू असताना ३८० ते ३९० व्होल्ट भरतात. प्लग काढल्यावरही हा साठा काही काळ राहतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची सवय वाईट आहे. त्याने ट्रॅक जळतो, कधी डोळाही जातो. दीड-दोन हजार ओहमचा, पाच ते दहा वॅटचा रेझिस्टर, झाकलेल्या वायरी लावून, काही सेकंद धरावा आणि मग मीटरवर शून्य आले याची खात्री करावी.

दुसरी सोय म्हणजे सिरीज बोर्ड. ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सेटच्या मालिकेत लावला की फ्यूज आणि ट्रान्झिस्टर वाचतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर मोठा शॉर्ट नाही. बल्ब पूर्ण प्रकाशात पेटून राहिला तर शॉर्ट आहे. थेट वीज देऊ नये. पिक्चर ट्यूबच्या रंगीत सेटमध्ये डिगॉसिंग कॉईलमुळे बल्ब सुरुवातीला थोडा वेळ उजळतो, त्याने घाबरू नये. सिरीजवर कधी कधी चांगला सेटही पूर्ण सुरू होत नाही, म्हणून अंतिम निकाल सिरीजवर देऊ नये.

मीटर हाती घेऊन

आता क्रमाने मोजत जावे. फ्यूज पाहावा. फ्यूजची काच काळी पडली असेल तर मोठा शॉर्ट झाला होता. ब्रिज, मॉसफेट आणि निळ्या चकतीसारखा व्हॅरिस्टर तपासल्याशिवाय नवा फ्यूज लावू नये. व्हॅरिस्टर फुटलेला असेल तर दाब चढला होता, हे नक्की. फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधणारा कारागीर दुसऱ्याच्या घराला आग लावण्याची तयारी करीत असतो.

मोठ्या कंडेन्सरवर काहीच दाब नसेल तर दोष त्याच्या आधी आहे. तिथे ३०० च्या वर आहेत, पण स्टँडबायचे व्होल्ट नाहीत, तर स्विचिंग आय.सी., तिला सुरुवात देणारे रेझिस्टर, पुढचे डायोड व फुगलेले कंडेन्सर पाहावेत. स्टँडबाय बहुधा ५ व्होल्ट असतो, काही सेटमध्ये ३.३ किंवा १२. बोर्डावर छापलेले वाचावे. मोजताना एक पथ्य पाळावे : विजेच्या बाजूचे माप त्याच बाजूच्या ग्राउंडवर, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे माप पलीकडच्या ग्राउंडवर. यात गल्लत झाली की मीटर खोटे आकडे दाखवतो.

स्टँडबाय आहे पण सेट सुरू होत नाही, तर मेन बोर्डाकडून पॉवर बोर्डाकडे जाणारी "ऑन"ची तार मोजावी. रिमोट दाबल्यावर तिच्यावरचा दाब बदलला आणि तरी १२ व्होल्ट आले नाहीत, तर पॉवर बोर्ड दोषी. दाब बदललाच नाही, तर हुकूमच सुटलेला नाही. दोष मेन बोर्डात, बटणांत किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे.

१२ व्होल्ट येऊन लगेच पडत असतील तर भार एकेक करून काढावा. प्रत्येक वेळी प्लग काढून, आधी प्रकाशपट्टीची जोडणी, मग पॅनेलकडे जाणारी पट्टी, मग मेन बोर्ड. जो काढल्यावर दाब टिकतो, तिथे दोष. हल्लीच्या स्वस्त सेटमध्ये हे सारे एकाच बोर्डावर असते, पण विचार करण्याची रीत हीच. सेट कंपनीच्या नावावर येऊन अडकत असेल किंवा पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर सॉफ्टवेअर बिघडल्याचा संभव असतो. ते त्याच बोर्ड क्रमांकाचे आणि त्याच पॅनेलचे घालावे.

बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत, आता युनिव्हर्सल बोर्डही मिळतात. मेन बोर्ड मिळत नसेल तेव्हा ते कामाला येतात. परंतु पॅनेलला लागणारा दाब ३.३, ५ की १२ व्होल्ट आहे, हे पॅनेलच्या क्रमांकावरून पाहिल्याशिवाय जोडू नये. ५ व्होल्टच्या पॅनेलला १२ व्होल्ट दिले की दुरुस्त होणारा सेट कायमचा जातो.

हिशेब आणि जबान

दोष सापडल्यावर आधी गिऱ्हाइकाला सांगावे, मग भाग बदलावा. काय गेले, काय लागेल, किती खर्च येईल, हे कागदावर लिहून द्यावे. काढलेला जुना भाग त्याच्या हाती ठेवावा. तपासणीचे पैसे घ्यायचे असतील तर ते सेट उघडण्याआधी ठरवावेत. तपासणी हीसुद्धा मेहनत आहे, तिचे मोल घेण्यात लाज नाही. लाज आहे ती सैल केबल खोचून बोर्ड बदलल्याचे पैसे घेण्यात.

जुना माल घेणाऱ्या बंधूंनीही बंद सेट घेताना दोन मिनिटे द्यावीत. पडद्यावर तडा आहे काय, दिवा लागतो काय, बॅटरीच्या उजेडात चित्र दिसते काय, मागचे स्क्रू आधी कोणी काढले आहेत काय, एवढे पाहावे. विकताना सेट दुरुस्त केलेला असेल तर तसे सांगावे. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, हे आपल्या बाजारातील जुन्या माणसांनी आपल्याला शिकवलेच आहे. जो सेट खरोखर संपला आहे, तो कचऱ्यात टाकू नये व जाळू नये. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच जावा.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. वस्तू फेकून न देता दुरुस्त करता यावी, हा विचार आता सरकारदरबारीही पोचला आहे. आपल्या कारागिरांसाठी ही चांगली गोष्ट आहे. पण गिऱ्हाईक आपल्याकडे येईल ते हक्कामुळे नाही, विश्वासामुळे येईल. खराडीत नवा सेट विकणारी दुकाने पावलोपावली आहेत. "हा सेट दुरुस्त होईल" किंवा "यावर पैसे घालवू नका", यांतले जे खरे असेल ते सांगणारी माणसे मात्र थोडी आहेत. आपण त्यांच्यापैकी एक व्हावे. दुकानाची पाटी लहान असली तरी चालेल, निदान मात्र पक्के असावे.